पट्टी ओळखणारा कान : प्रस्तावना

दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाहून, म्हणजे देसाईगंजहून निघालेल्या नाट्यकंपन्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा हा सारा मुलूख पालथा घालतात. नाटक रात्रभर चालते. संवादाच्या मध्येच गाणे येते आणि ते नट-नटी तिथल्या तिथे गातात. साथीला ऑर्गन, तबला, ढोलकी आणि आता ऑक्टोपॅड व कीबोर्डही असतात. २०२३ मध्ये इथले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राचे या रंगभूमीकडे लक्ष गेले. इथल्या प्रेक्षकाला मात्र तिचे मोल कोणी सांगायची गरज नव्हती.

या गाण्यांचे आयुष्य आता त्या एका रात्रीपुरते राहिलेले नाही. घरातली एक खोली, त्यात लॅपटॉप, छोटा ऑडिओ इंटरफेस, एक माईक आणि हेडफोन एवढ्यावर गाणे तयार होते आणि दुसऱ्या दिवशी मोबाईलवरून गावभर फिरते. झाडीबोलीतली गाणी, गोंडी आणि माडियातली रेला नृत्यगीते, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी भजने, चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर ऑक्टोबरात गाजणारी भीमगीते, लग्नातल्या वरातीची गाणी अशा सगळ्यांचे ध्वनिमुद्रण चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत होऊ लागले आहे. गायक चांगला असतो, वादक तयारीचे असतात. तरीही तयार झालेले गाणे ऐकताना शब्द ऑर्गनखाली दबलेले, ढोलकीची थाप डब्यासारखी आणि ‘स’ कानाला टोचणारा असा अनुभव पुष्कळदा येतो. अशा वेळी दोष माईकवर जातो, खोलीवर जातो, स्वस्त सामानावर जातो. त्यातला काही खराही असतो. पण बरेचसे बिघडते ते मिक्सिंगच्या टप्प्यावर, आणि तेही एका उपकरणाच्या अंदाजपंचे वापरामुळे. ते उपकरण म्हणजे इक्वलायझर. हे पुस्तक त्याच्याविषयी आहे.

इक्वलायझर काय करतो ते आधी सरळ सांगतो. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ एवढ्या पट्ट्यातले ध्वनी ऐकतो. गळा असो की वाद्य, कोणताही आवाज या पट्ट्यात एकाच ठिकाणी बसलेला नसतो. त्याचा मूळ स्वर खाली असतो आणि त्याच्या वर उपस्वरांची उतरंड रचलेली असते. दोन वाद्ये एकच सूर लावतात तरी आपण त्यांना वेगळे ओळखतो, ते बऱ्याच अंशी या उतरंडीच्या फरकामुळे. इक्वलायझर या पट्ट्यातला एखादा भाग निवडून त्याची पातळी वाढवतो किंवा कमी करतो. ठरावीक जागेच्या खालचे किंवा वरचे सगळे कापणारे फिल्टर असतात. ठरावीक जागेपासून पुढचा सगळा भाग एकसारखा उचलणारे किंवा उतरवणारे शेल्फ असतात. मधल्याच एखाद्या भागाला उंचवटा किंवा खळगा देणारे बेल असतात. बेल किती रुंद ठेवायचा हे ज्या आकड्याने ठरते त्याला ‘क्यू’ म्हणतात. क्यू मोठा असला की काम अरुंद जागेत होते, लहान असला की ते ऐसपैस पसरते. जागा, मात्रा आणि रुंदी या तीन गोष्टी कळल्या की बाजारातला कोणताही इक्वलायझर वाचता येतो. वापरता येणे ही त्यापुढची गोष्ट आहे.

या उपकरणाचा जन्म संगीतासाठी झालेला नाही. टेलिफोनच्या लांब तारांतून बोलणे जाई तेव्हा वरचे कंप खालच्या कंपांपेक्षा जास्त झिजत आणि पलीकडच्याला आवाज कोंदट ऐकू येई. ही झीज भरून काढणारी सर्किटे अभियंत्यांनी तयार केली. बोलपट आला तशी तीच विद्या चित्रपटगृहात गेली. १९३० च्या दशकात आरसीए कंपनीच्या जॉन व्होल्कमन यांनी थिएटरातला आवाज सुधारण्यासाठी बदलता येणारा इक्वलायझर वापरला. १९५१ मध्ये अमेरिकेत युजीन शेंक आणि ऑली समरलिन यांच्या पल्स टेक्निक्स कंपनीचा ‘पल्टेक’ आला. दुरुस्तीच्या या उपकरणाला पुढे स्वतःचा गोडवा आहे, असे रेकॉर्डिस्ट मानू लागले. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या पीटर बॅक्झंडॉल यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात बेस आणि ट्रेबल कमीजास्त करण्याचे साधे सर्किट मांडले. जगभरच्या अँप्लिफायरांवर दिसणारी बेस-ट्रेबलची जोडी मोठ्या प्रमाणात त्याच घराण्यातली आहे.

तोवर जागा ठरलेल्या असत. किती वाढवायचे किंवा उतरवायचे एवढेच वापरणाऱ्याच्या हाती असे. १९७२ मध्ये जॉर्ज मॅसेनबर्ग यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे पॅरामेट्रिक इक्वलायझरची मांडणी केली. जागा, मात्रा आणि रुंदी या तिन्ही गोष्टी त्यात स्वतंत्रपणे फिरवता येत होत्या. याच सुमारास इंग्लंडमध्ये नीव्हचे १०७३ आणि अमेरिकेत एपीआयचे ५५० हे इक्वलायझर नावाजले गेले. सत्तरीच्या अखेरीस सॉलिड स्टेट लॉजिकच्या मिक्सरांवर प्रत्येक चॅनेलला सविस्तर इक्वलायझर मिळू लागला. आज लॅपटॉपवरच्या प्लगइनमध्ये हवे तेवढे बँड मिळतात, पडद्यावर रंगीत आलेख हलतो, आणि यासाठी दमडीही मोजावी लागत नाही असे प्लगइनही आहेत. पन्नास वर्षांपूर्वी मोठ्या स्टुडिओलाही जे परवडत नव्हते ते आज गडचिरोलीतल्या भामरागडच्या मुलाच्या हातात आहे. साधनाची वाण संपली आहे, आता कान तयार करण्याचे काम उरले आहे.

आपल्याकडची हकिकत थोडी वेगळ्या वाटेने गेली. १९०२ मध्ये कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले तेव्हा माईक नव्हता. गायक कर्ण्यात तोंड घालून गाई, खालचे आणि वरचे कंप तबकडीत फारसे उतरतच नसत. १९२५ नंतर विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि हलका आवाजही पकडला जाऊ लागला. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. पुढे प्रभात पुण्याला गेली आणि १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांनी मुंबईत राजकमल उभी केली. तिथल्या मंगेश देसाईंनी ‘शोले’सारख्या चित्रपटांचे ध्वनिमिश्रण केले आणि हिंदी चित्रपटसृष्टीत त्यांचे नाव आदराने घेतले गेले.

बोलपटाच्या सुरुवातीच्या काळात गाणे एकाच वेळी सगळ्यांनी मिळून वाजवायचे. माईक एक-दोनच. सारंगी पुढे, ब्रास मागे, ढोलक बाजूला अशी माणसे उठवून-बसवून आवाजाचा तोल साधला जाई. इक्वलायझरचे अर्धे काम बसण्याची जागा करी. उरलेले अर्धे थिएटर ठरवी. १९३८ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या आणि पुढे जगभर वापरल्या गेलेल्या मानकानुसार थिएटरात वरचे कंप मुद्दाम उतरवले जात, कारण फिल्मवरच्या ध्वनिपट्टीत खरखर फार असे. मग रेकॉर्डिस्ट आधीच आवाजाचा वरचा भाग उचलून ठेवत. जुन्या गाण्यांत गळा इतका पुढे आणि इतका रेखीव का वाटतो, याचे एक कारण इथे सापडते. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली तेव्हा टेपची सूं-सूं झाकण्यासाठी पुन्हा वरचा भाग उचलला गेला आणि टेपरेकॉर्डरच्या लहान स्पीकरातून ढोलकी ऐकू यावी म्हणून तिचा मधला भाग पुढे आणला गेला. प्रत्येक काळातल्या मिक्सिंगवर त्या काळातल्या ऐकण्याच्या साधनाचा ठसा असतो. आज कोणी जुन्या गाण्याचा आवाज जसाच्या तसा उचलू पाहतो तेव्हा तो नकळत थिएटरच्या किंवा कॅसेटच्या उणिवेवरचा उपाय उचलत असतो, उणीव मात्र त्याच्यापुढे नसते.

इक्वलायझर कसा वापरावा याविषयी जाणकारांचे एकमत नाही, आणि नवख्याने हे सुरुवातीलाच समजून घेतलेले बरे. एक मत म्हणते की त्याची गरज पडणे हीच चूक आहे. माईक योग्य ठेवा, खोली योग्य निवडा, वादक योग्य बसवा आणि मग हात लावू नका. शास्त्रीय संगीताचे ध्वनिमुद्रण करणारे बरेच जण या मताचे आहेत. दुसरे मत शल्यविशारदाचे आहे. नको असलेला घुमारा, खोलीचा गोंगाट, वाद्याची कर्कश जागा शोधून अरुंद पट्ट्यात कापायची आणि बाकी आवाज जसा आहे तसा राहू द्यायचा. तिसरे मत रंगाऱ्याचे आहे. पल्टेक किंवा नीव्हसारख्या उपकरणाने रुंद हाताने थोडा रंग द्यायचा आणि मोजमापाची फार पर्वा करायची नाही. चौथे मत सांगते की सुटा ट्रॅक ऐकून काही ठरवूच नये. सगळे ट्रॅक चालू असतानाच नॉब फिरवावा, कारण ऐकणारा शेवटी सगळे एकत्रच ऐकणार आहे.

या पुस्तकाचा कल दुसऱ्या आणि चौथ्या मताकडे आहे. आवाज आधी कमी करून पाहा, मग वाढवायचा विचार करा, आणि हे सगळे ट्रॅक वाजत असताना करा. यामागे कानाचा स्वभाव आहे. कोणताही पट्टा उचलला की एकूण आवाज थोडा मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला बहुतेक वेळा जास्त चांगला वाटतो. तीन डेसिबल वाढवून गाणे सुधारले असे वाटते तेव्हा पुष्कळदा ते फक्त मोठे झालेले असते. म्हणून बदल केल्यावर आधीची आणि नंतरची पातळी सारखी करून तुलना करायची, हा नियम हे पुस्तक पुन्हा पुन्हा सांगते. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले की हळू आवाजात कानाला खालचे कंप कमी ऐकू येतात. घरचे झोपले म्हणून रात्री हळू आवाजात मिक्सिंग करणारा माणूस बेस वाढवत जातो, आणि तेच गाणे वरातीच्या डीजेवर लागले की छाती हादरते. हा अनुभव आपल्याकडे कोणाला नवा नाही.

इथवरचे सगळे पुण्यात, मुंबईत किंवा लंडनमध्येही लागू पडते. या पुस्तकाचे खरे कारण पुढे सुरू होते. इंटरनेटवर मिळणारे तयार प्रीसेट आणि सल्ले बहुतेक करून ड्रम सेट, बेस गिटार, इलेक्ट्रिक गिटार आणि इंग्रजी गायन डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. आपल्या वाद्यांचा आणि गळ्यांचा स्वभाव वेगळा आहे आणि तो मोजूनही दाखवता येतो.

तबला घ्या. सर चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले की शाईमुळे मृदंग-तबल्याच्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात. साध्या ढोलाला हे जमत नाही. तबला सुरात लागतो तो यामुळेच. तेव्हा ड्रमसाठी सांगितलेला ‘मध्ये खळगा द्या’ हा सल्ला तबल्यावर चालवला तर एखादा उपस्वरच खळग्यात जातो आणि सुरात असलेला तबला बेसूर वाटू लागतो. ढोलकीच्या शाईच्या तोंडालाही हीच काळजी लागते, तर धुमाची बाजू वेगळ्या हाताने हाताळावी लागते. एकाच वाद्याच्या दोन तोंडांना दोन माईक लावले असतील तर दोन वेगळे इक्वलायझर लावणे हाच शहाणपणा. ढोलकीवर सरळ रेषेतला, म्हणजे लिनिअर फेजचा इक्वलायझर वापरला तर थापेच्या आधी एक पुसट सावली ऐकू येऊ शकते, हेही लक्षात ठेवावे.

ऑर्गन आणि गळा यांचे भांडण झाडीपट्टीच्या प्रत्येक ध्वनिमुद्रणात आहे. रीडचा आवाज उपस्वरांनी भरगच्च असतो आणि तो नेमका शब्दांच्या मुलखात पसरतो. शिवाय खालचा आवाज वरच्या आवाजाला झाकतो, वरचा खालच्याला तेवढा झाकत नाही. त्यामुळे ऑर्गनवाल्याचा डावा हात भारी असला की गायिकेचे शब्द बुडतात. इथे गळ्याला वर उचलण्यापेक्षा ऑर्गनच्या मधल्या भागात दोन-तीन डेसिबल कमी करणे जास्त गुणकारी ठरते. खंजिरीची झांज खूप वर, सहा-सात हजार हर्ट्झच्या पुढे चमकते. भजनात ती श्वासासारखी हवी असते, पण गळ्याला लावलेला वरचा शेल्फ जर सगळ्या मिक्सला लागला तर खंजिरी आधी पुढे येते आणि भजनी मागे जातो.

रेल्यात याहून वेगळा प्रश्न आहे. हातात हात गुंफून रांगेत नाचणाऱ्यांच्या गाण्यात मुख्य गायक नसतोच. अनेक गळ्यांचा मिळून एक आवाज असतो आणि ढोल त्याला खालून उचलून धरतो. चित्रपटगीताचा प्रीसेट लावला की तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा भाग उचलला जातो, माईकजवळची एक मुलगी पुढे येते आणि बाकीच्या तिच्या कोरसमध्ये जमा होतात. गाण्याचा समाजच बदलून जातो. परधानांच्या किंगरीसारख्या तंतुवाद्याचा खरखरीतपणा हा त्याचा स्वभाव आहे. तो दोष समजून घासून काढला तर मागे कुठल्याही व्हायोलिनचा गुळगुळीत आवाज उरतो.

बोलीचाही विचार करावा लागतो. झाडीबोलीत ‘श’ आणि ‘ष’च्या जागी ‘स’ येतो, ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’. ‘श’ची सळसळ तुलनेने खाली असते, ‘स’ची पाच ते आठ हजार हर्ट्झच्या भागात जास्त. म्हणजे झाडीबोलीतल्या गाण्यात नेमक्या टोचणाऱ्या जागेवर प्रमाण मराठी गाण्यापेक्षा अधिक भार पडतो. मुंबईच्या गायिकेसाठी ठरवलेला वरचा उजाळा इथे सरसकट लावता येत नाही. गडचिरोलीत तर कोरचीकडे छत्तीसगढी, सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या बाजूला बंगाली आणि दक्षिणेकडे माडिया असे कितीतरी उच्चार एका जिल्ह्यात नांदतात. एकच सेटिंग या सगळ्यांना पुरेल, हे संभवत नाही.

खोलीचा मुद्दाही इथलाच आहे. बारा बाय दहा फुटांची आणि दहा फूट उंचीची सिमेंटची खोली घेतली तर तिच्यात ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास आवाज घुमतो. रुंदी आणि उंची सारखी असल्याने ५६ चा घुमारा दुप्पट जाणवतो. खोलीच्या एका कोपऱ्यात बसून ऐकणाऱ्याला तो बेस गाण्यात आहे असे वाटते, आणि तो कापतो. गाणे बाहेर गेले की पोकळ वाजते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवून गायला सांगणे अवघड, आणि चालू ठेवला की त्याची घरघर प्रत्येक ट्रॅकमध्ये शिरते. वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिचे १००, १५० हर्ट्झवरचे पटीतले स्वर अर्थिंग नीट नसेल तर हमखास सोबत येतात. यातले काय इक्वलायझरने निघते आणि कशासाठी सरळ गादी, गोधडी, अर्थिंग किंवा माईकची जागा बदलावी लागते, हे ओळखता आले तर अर्धे काम वाचते.

आणि शेवटी ऐकणारा. त्याच्याकडे दोन टोकांची साधने आहेत. मोबाईलचा स्पीकर साधारण ३०० हर्ट्झच्या खालचे फार थोडे वाजवतो, तर डीजेच्या भिंती खालचेच सगळ्यात जास्त वाजवतात. ढोलाचा मूळ स्वर मोबाईलमध्ये गायब होतो, पण त्याचे उपस्वर शाबूत असतील तर कान त्यावरून मूळ स्वर मनाने भरून घेतो. म्हणून ढोलाला बेस देत बसण्यापेक्षा त्याच्या कातड्याचा आणि काठीचा आवाज जपला की तो दोन्हीकडे ढोल वाटतो. ‘सैराट’साठी (२०१६) अजय-अतुल यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसला जाऊन ध्वनिमुद्रित केला. तरी त्या गाण्यांतला देशी ठेका वरातीच्या गोंगाटातही ओळखू येतो आणि मोबाईलवरही. मोठ्या खर्चाच्या कामातूनही शिकायचे ते हेच, की प्रत्येक आवाजाला पट्ट्यात स्वतःची जागा मिळाली पाहिजे.

हे पुस्तक आताच का, याचे उत्तर वरच्या सगळ्या तपशिलात आहे. पूर्वी गाणे ज्याच्या गळ्यात होते त्याच्याबरोबर जाई, आणि पुढचा गायक ते आपल्या रीतीने गाई. आता फाईल राहते. दहा वर्षांनी एखादा मुलगा रेला शिकेल तेव्हा तो गोटुलातल्या, म्हणजे गावातल्या तरुणांच्या सामूहिक घरातल्या, आवाजाबरोबर किंवा त्याच्याऐवजी या फाईलीवरूनही शिकेल. तिच्यात ढोल डब्यासारखा असेल तर त्याच्यासाठी ढोल तसाच असतो. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ आले, लोककलांवर प्रबंध लिहिले जात आहेत. शब्दांचे संकलन होते, नादाचे होत नाही. नाद जपण्याचे काम सध्या त्या बारा बाय दहाच्या खोलीत बसलेल्या माणसावर आले आहे, आणि त्याला या कामासाठी मराठीत लिहिलेले फारसे काही हाताशी नाही.

हे पुस्तक त्याच्या आधीच्या ज्ञानापासून सुरुवात करते. झाडीपट्टीतला प्रत्येक गायक-वादक पट्टी ओळखतो. काळी एक, काळी चार, पांढरी पाच हे त्याला डोळे मिटून कळते. काळी एकचा मधल्या सप्तकातला षड्ज सुमारे २७७ हर्ट्झ, त्याच्या खालच्या सप्तकातला त्याच्या निम्मा, वरच्यातला दुप्पट. म्हणजे इक्वलायझरच्या पडद्यावरचे आकडे ही त्याला आधीच माहीत असलेल्या सुरांची दुसरी नावे आहेत. ऑर्गनवर बोट ठेवून गाण्यात खटकणारी जागा शोधायची आणि मग तो आकडा पडद्यावर गाठायचा, ही या पुस्तकाची मुख्य रीत आहे. कान, पट्टी, आकडा, हा क्रम. पडद्यावरचा हलता आलेख पाहून कानाला समजावण्याचा उलटा क्रम या पुस्तकाला मान्य नाही.

‘आवाज नाकात बोलतो’, ‘घुमतो’, ‘फाटतो’, ‘चिरका आहे’, ‘डब्यातून येतो’ असे शब्द साऊंडवाले आणि कलावंत रोज वापरतात. पुस्तकाने त्यांना अडाणी बोलणे न मानता त्यांना आकड्यांच्या जागा दिल्या आहेत. जागा साधारण सांगितल्या आहेत, कारण तो पट्टा प्रत्येक गळ्यात थोडा सरकतो. तयार सेटिंगचे तक्ते मुद्दाम दिलेले नाहीत. ज्याला फक्त तक्ता हवा आहे त्याची निराशा होईल. कॉम्प्रेसर आणि रिव्हर्ब यांना जिथे इक्वलायझरशी थेट संबंध येतो तिथेच हात घातला आहे, आणि महागड्या उपकरणांची शिफारस कुठेही नाही. मैदानातल्या लाईव्ह साऊंडचा विषय वेगळा आहे. माईक शिट्टी मारू लागला की एकतीस बँडच्या ग्राफिकवर तो पट्टा शोधणारा साऊंडवाला इथून काही घेऊ शकेल, पण पुस्तक त्याच्यासाठी लिहिलेले नाही.

वाचकाला दोन विनंत्या. पुस्तक वाचताना जवळ एक गाणे ठेवा, आणि ते शक्यतो स्वतः केलेले ठेवा. प्रत्येक प्रकरणानंतर त्याच गाण्यावर काम करा, पातळी सारखी करून आधीचे आणि नंतरचे ऐका, आणि ते गाणाऱ्यालाही ऐकवा. त्याला स्वतःचा गळा ओळखू आला तर तुमचा हात बरोबर पडला आहे. दुसरी विनंती अधिक गरजेची आहे. मिक्स झाल्यावर सुटे ट्रॅक पुसून टाकू नका. कोणताही इक्वलायझर न लावलेली मूळ फाईल, गायकाचे, गावाचे आणि वाद्यांचे नाव लिहून, दोन ठिकाणी जपून ठेवा. आपले मिक्सिंग पुढच्या पिढीला पटणार नाही, हे जवळजवळ नक्की आहे. मूळ आवाज शिल्लक असला तर ती आपल्यापेक्षा चांगले करू शकेल.